चौधरी सरांना न जमलेले वलय

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण चौधरी सरांचे. रावेरजवळच्या केळीच्या मळ्यातून जळगावला आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला त्यांनी पीएच.डी.साठी घेतले. गेल्या महिन्यात ते गेल्याचे त्यांच्या मुलीने, सुनंदाताईंनी, मला धुळ्याला फोनवर सांगितले. त्याआधी मी पाठवलेले पत्र सरांनी वाचले का, हे विचारायचा धीर झाला नाही...

सर संशयी होते. माझे काम नायट्रोजन असलेली वलये बनवण्याचे. साखळीसारख्या रेणूच्या एका टोकाला मुक्त मूलक तयार करायचे. त्याचा एकटा इलेक्ट्रॉन जोडीदार शोधत दुसऱ्या टोकाला भिडतो आणि वलय मिटते. माझ्या हातून ते मिटायचे. सर माझी वही समोर ठेवून तेच करायचे, तर चंबूत काहीच घडायचे नाही. मग ते माझी खाडाखोड भिंगातून बघत, आणि तोंडी धुळ्याकडची बोली येई, "हाई बठ्ठं खरं शे ना?"

"खरं आहे सर."

"मंग मना हातले काय व्हयनं?" म्हणत ते स्वतःचे हात उलटसुलट करून बघत.

एकदा त्यांनी मला दिवसभर समोर बसवून प्रयोग करायला लावला. चहासुद्धा त्यांनी स्टुलावरच घेतला. संध्याकाळी वलय मिटले. "डोळ्यांनी पाहिलं म्हणून करतो," म्हणत त्यांनी प्रबंधावर सही केली. शोधनिबंध मात्र पाठवू दिला नाही. "मला जमेल त्या दिवशी पाठवू." निवृत्तीपर्यंत दर उन्हाळ्यात ते करून बघत राहिले. खेड्यातल्या पोराला जमले हेच त्यांना सलते, असा संशय मीही धरला होता.

तेराव्याला गेलो तेव्हा पत्राचे विचारले. सुनंदाताई म्हणाल्या, "वाचलं ना, दोनदा. मग पाकीट उजेडाला धरून बघितलं, आत अजून काही राहिलंय का म्हणून."

पत्र असे होते:

"सर, सा. नमस्कार. माझ्या विद्यार्थिनीला आपले ते वलय जमत नव्हते. परवा ताजे द्रावक संपले म्हणून तिने कपाटातली जुनी बाटली वापरली आणि वलय मिटले. हवा लागून जुन्या द्रावकात पेरॉक्साइड तयार होते. सुरुवातीची ठिणगी त्याचीच. तुम्ही माझ्या वहीत लिहिल्याप्रमाणे दर वेळी द्रावक उकळून, त्याची वाफ थंड करून ताजे शुद्ध करून घेत होतात. मी नुसते तसे लिहीत होतो. नळाला पाणी नसले की वाफ थंड करणारा कंडेन्सर चालायचा नाही, म्हणून खिडकीतली जुनी बाटली काढायचो. तुमच्यासमोर बसलो त्या दिवशी द्रावक ताजे वाटावे म्हणून तिच्यावर मी आदल्या दिवसाची तारीख घातलेली चिठ्ठी लावली होती. तुमच्या हातात काही कमी नव्हते, सर. वही खोटी होती."