काचेवरचं बोट

परवा तुम्हा नातवंडांतल्या थोरलीचा फोन आला. तिला शिक्षिकेची पहिली नोकरी लागली आहे आणि शाळेनं विचारलं आहे की वर्गासाठी काय हवं: टॅब्लेटचा संच की डॉक्युमेंट कॅमेरा. दोन्हींपैकी एकच मिळणार. "आजी, तू इतकी वर्षं शिकवलंस, तू सांग. बाबा म्हणतो, डोळे मिटून टॅब्लेट घे." मी म्हटलं, फोनवर नाही सांगत, लिहून कळवते. बाकीच्यांनीही हे वाचावं. मराठी अडलं तर आईला विचारा, बाबाला नको.

डॉक्युमेंट कॅमेरा म्हणजे मान वाकवलेल्या टेबललॅम्पसारखी एक दांडी. खाली कागद ठेवून लिहायचं. जे लिहाल ते मागच्या पडद्यावर मोठं होऊन दिसतं. माझ्या सायन्सच्या वर्गात तो होता. बेडकाचं हृदय त्याखाली ठेवलं की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसे, आणि त्यासाठी कधी कुणाला पासवर्ड विचारावा लागला नाही.

तुमची छोटी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आमच्या वेस्ट विंडसरच्या रविवारच्या मराठी शाळेत लहान गटाला शिकवायची. एम.ए. झालेली, नागपूरला हायस्कूलमध्ये शिकवलेली. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली. तुमच्या बाबाला बाराखडी तिनंच शिकवली, कारण मी तेव्हा दिवसा नोकरीवर आणि संध्याकाळी कॉलेजात असायची. गाडी चालवायला ती इथे कधी शिकली नाही. आठवड्यात तिचं स्वतःचं असं काही असेल, तर तो रविवारचा वर्ग. त्याची तयारी ती सोमवारीच सुरू करायची.

मग तिचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. पण त्या थरथरीची एक रीत होती, ती मी बघून ठेवली होती. हात अधांतरी असला की कापायचा. पेन कागदावर टेकलं की शांत व्हायचा. अक्षर बारीक झालं होतं, पण वळण तेच.

त्याच वर्षी तुमचा बाबा मराठी शाळेच्या टेक कमिटीचा प्रमुख झाला. टॅब्लेट तेव्हा नवीनच आले होते आणि त्यांचं त्याला भारी वेड. सगळे फळे काढून सगळ्या वर्गांत टॅब्लेट आणायचे, असं त्यानं ठरवलं. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"तिच्या वर्गाला डॉक्युमेंट कॅमेरा दे. बाकीच्यांना दे तुझे टॅब्लेट."

"आई, डॉक्युमेंट कॅमेरा? सीरियसली? म्युझियममध्ये ठेवतात तो आता."

"तिचं बोट काचेवर ठरणार नाही, हे तुला दिसतंय ना?"

"दिसतंय." तो चहा ढवळत होता. "पेरेंट्सनाही दिसतं. मुलं घरी जाऊन तिच्या हाताची नक्कल करतात. कुणीतरी तिला सांगायला हवं, आणि मी सांगितलं तर मी वाईट. पेरेंट्सपुढे टॅब्लेटचा डेमो होऊ दे. आपोआप ठरेल."

तुमच्या बाबाला मी ओळखते. तो कुणाला जा म्हणत नाही. तो दार अरुंद करतो.

डेमो रविवारी शाळा सुटल्यावर होता. पालक कागदी बशांतून बटाटेवडे खात बसले होते, मुलं पुढे जमिनीवर. प्रत्येक शिक्षिकेनं टॅब्लेटवर एक धडा उघडायचा, अक्षर बोटानं ओढून चित्रावर नेऊन ठेवायचं. जे हातात चाललं आहे ते मागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसणार. तरुण मुलींनी ते हसतखेळत केलं. मग छोटी आजी उठली. घरी तिनं माझ्या फोनवर सराव केला होता. इस्त्रीची साडी नेसली होती.

तिला 'क' उचलून कमळावर ठेवायचा होता. बोट काचेजवळ गेलं आणि कापू लागलं. एकदा टेकायच्या जागी चारदा टेकलं. धडा बंद झाला, उघडला, पुन्हा बंद झाला. 'क' अर्ध्या वाटेत सुटला. चित्र एकदम मोठं झालं. भिंतभर नुसती गुलाबी पाकळी. मुलं खिदळली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तर तेही सगळ्यांना दिसलं.

मागून माइकवर तुमचा बाबा म्हणाला, "काकू, टॅप! नुसतं टॅप! अंगठा नाही लावायचा, सातबारा नाहीये तो!" पालक हसले. हसू मिळालं म्हटल्यावर त्याला थांबवेना. "बघा, आमच्या काकू! एम.ए., अंगठेबहाद्दर!"

मी उभी राहिले. "तिला कागद आणि पेन द्या, मग बघा."

"आई, प्लीज. सगळ्यांना सेम टेस्ट आहे. इट्स फेअर." मग तिच्याकडे वळून, "थँक यू काकू, छान ट्राय केलंत!" आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. हसण्यापेक्षा मला त्या टाळ्या जास्त लागल्या.

घरी येताना बाबा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मागे छोटी आजी आणि थोरली. थोरली तेव्हा दुसरीत होती, आणि सगळ्यांबरोबर तीही खूप हसली होती.

"छोटी आजी, व्हॉट इज अंगठेबहाद्दर?"

छोटी आजीनं वर्गातल्या आवाजात सांगितलं, "ज्याला लिहिता येत नाही, तो सहीच्या जागी अंगठा उठवतो. त्याला म्हणतात."

"बट यू कॅन राइट."

"हो. मला येतं."

"देन व्हाय डिड बाबा से दॅट?"

"तो पुढेच बसलाय. विचार त्याला."

बाबा म्हणाला, "सीटबेल्ट लाव नीट." थोरलीचा बेल्ट लावलेलाच होता.

संध्याकाळी तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मी कुणाला काढलं नाही, आई. सिस्टिमनं ठरवलं." जणू सिस्टिम रस्त्यानं चालत आपणहून शाळेत आली होती.

लहान गट त्यानं स्वतःकडे घेतला. वर्ग उत्तम चालला, हे मी लपवत नाही. पटावरची मुलं वाढली, पालक खूश झाले, छोटी आजी कुठे गेली असं कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. ती तिथेच होती. बाबानं तिला काम दिलं होतं: वर्ग सुटला की टॅब्लेटच्या काचा पुसायच्या. मुलांच्या बोटांना वड्याचं तेल असे. मी म्हटलं, "तू नाही म्हण." ती म्हणाली, "असू दे, वहिनी. पुसायला हात थरथरला तरी चालतं. उलट बरंच आहे, आपोआप पुसलं जातं." घरी बसण्यापेक्षा तिला ते परवडत होतं. तुमचा बाबा लोकांना सांगायचा, काकूंना आम्ही अजूनही इन्व्हॉल्व्ह ठेवलंय.

मग तुम्ही सगळे दूर मॉरिसव्हिलला राहायला गेलात. ती माझ्यापाशी राहिली. आता पेन कागदावर टेकलं तरी तिचा हात थांबत नाही. ज्या वर्षांत तो थांबत होता, ती वर्षं काचा पुसण्यात गेली.

तेव्हा थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. टॅब्लेट वाईट नाहीत; मी हे टॅब्लेटवरच लिहिते आहे. पण यंत्र निवडण्याआधी वर्गात ज्याचा हात सगळ्यांत कमजोर असेल त्याला त्या यंत्रापुढे बसव. एकट्याला, दार लावून. त्याला जमलं तर घे. तुझा वर्ग तू अजून पाहिलेला नाहीस, म्हणून आत्ता कॅमेरा माग. त्याच्याखाली हात टेकायला कागद असतो.

बाबा चिडेल. त्याला सांग, मी तुझं ऐकलं नाही असं नाही. सिस्टिमनं ठरवलं.