बिनफेसाचं न्हाणं

आमच्या आईचे केस पस्तिशीतच पिकले. तिला त्याचं एरवी काही वाटत नसे, पण मंडई जवळ आली की ती आरशाशी भांडायला लागायची. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसभर बाजार आणि रात्री नाटक. आईचं माहेर सावलीजवळच्या एका खेड्यात, आणि तिथे तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी. मावशी आईहून चांगली बारा-चौदा वर्षांनी मोठी, पण केस काळेकुळकुळीत. दोघी बाजारात निघाल्या की कोणीतरी हटकून मावशीला विचारायचं, "हे तुयी मोठी बहीण होय का?" मावशी हसून सोडून द्यायची. आईला ते जमायचं नाही. परत येताना ती आमच्या ब्रह्मपुरीपर्यंत तोंड फुगवून बसायची आणि तो राग घरी येऊन माझ्यावर निघायचा.

एका वर्षी तिने गुपचूप घरीच काळा कलप लावला आणि ऐटीत माहेरी गेली. तिथे मावशीचे रिठे तिची वाट पाहत होते. आई लहान असतानाच आजी गेली. तेव्हापासून आईचं डोकं मावशीनेच धुतलेलं. आईचं लग्न झालं, मी झाले, मी कॉलेजात गेले, तरी मंडईच्या सकाळी अंगणात पाट मांडून मावशी तिला न्हाऊ घालायचीच. रिठे रात्रभर भिजलेले, आणि मावशीचे हात जन्मभर धानाच्या बांधीत राबलेले. त्या हातांपुढे कलप काय टिकणार? मानेवरून, पाठीवरून काळे ओघळ पाटाखाली गेले. "काऊन वं, डोक्यात कोळसा ठेवला होता का?" मावशीने विचारलं. दुपारी बाजारात नेहमीचा प्रश्न नेहमीसारखा आलाच.

पुढच्या वर्षी मी हट्टालाच पेटले. तोवर ब्रह्मपुरीत बसस्टँडमागे एका घराच्या समोरच्या खोलीत ब्युटी पार्लर निघालं होतं. आईला ओढतच तिथे नेलं. पार्लरवाली म्हणाली, "काकू, एकदम काळा नका करू, डांबर फासल्यावानी दिसते." तिने गडद तपकिरी रंग लावला आणि बजावलं, रंग टिकवायचा तर शाम्पू, रिठा, शिकेकाई काही नाही, नुसत्या कंडिशनरने डोकं धुवायचं. आई वाटेत दिसेल त्या दुकानाच्या काचेत डोकावत घरी आली, आणि घरी आल्यावर स्टीलच्या ताटातही पाहून घेतलं. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती.

रविवारी पहिलं न्हाणं झालं. बाजारातल्या बांगड्या-पावडरच्या दुकानातून कंडिशनरची बाटली आणली होती. आईने थोडं ओतलं, चोळलं. फेस नाही. आणखी ओतलं. तरी नाही. अर्धी बाटली संपली तेव्हा ती म्हणाली, "नकली माल देल्लं त्यानं." आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनी थेट दुकानात. मी मागून लाजत लाजत.

"भाऊ, याले फेस काऊन नाई येत?"

दुकानदार चाचा शांत माणूस. "ताई, ये फेसवाली चीजच नाई. शाम्पू अलग, ये अलग."

"मंग डोकं साफ निघालं हे समजाव कसं?"

"सुकल्यावर हात लावून पाह्यजा. फेसवालं लावान तर रंग नालीत जाईन."

आईला हे पटलं नाही. आमच्याकडे फेस म्हणजे स्वच्छता. भांडं असो की डोकं. पण केस वाळल्यावर तिने स्वतः हात लावून पाहिला. मला हात लावायला लावला, शेजारणीला लावायला लावला. रंग जिथल्या तिथे होता.

मंडईला निघालो तेव्हा काळीपिवळी जीपमध्ये बसल्या बसल्या तिने ठरवून टाकलं. "बाईले सांगतो, मी धुऊनच आली म्हून." बाई म्हणजे मावशी.

अंगणात पाट मांडलेला होता. चुलीवर पाण्याचा पितळी गुंड, बाजूला रिठ्यांचं भगोणं. आईने ठरलेलं वाक्य म्हटलं. मावशी भगोणं उचलून रिठ्यांचं पाणी हळूहळू पपईच्या बुडाशी ओतू लागली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला आईचाच राग आला. आईलाही स्वतःचा आला असावा, कारण तिने पिशवीतून बाटली काढली आणि मुकाट्याने पाटावर जाऊन बसली. "धू बाई. पण यानं धू."

मावशीने ओतलं, चोळलं, पुन्हा ओतलं. "फेस काऊन येऊन नाई राह्यला?"

"बाई, हे फेसाचं नसते," आई म्हणाली, जणू तिच्या सात पिढ्या कंडिशनरने न्हात आल्या होत्या. मी हसून हसून ओसरीवर बसले.

"पाणी कसं येऊन राह्यलं ते पाह्य," आई डोळे मिटून मला सारखी सांगत होती. पाणी नितळ येत होतं. मावशीने बाटली पार रिकामी केली आणि मग दिवसभर स्वतःच्याच मऊ पडलेल्या हातांचा वास घेत फिरली.

दुपारी आम्ही बाजारात गेलो. आई ऊन असूनही डोक्यावर पदर घेईना. जिलेबीच्या दुकानापाशी शेजारच्या गावची एक म्हातारी थांबली, आईकडे निरखून पाहत राहिली. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"हे तुयी लहान बहीण होय का वं?" म्हातारीने मावशीला विचारलं.

एवढ्या वर्षांनी प्रश्न सुलट आला होता. आईचा चेहरा फुलला. मावशीने जिलेबीचा पुडा माझ्या हातात दिला.

"बहीण कायची," ती म्हणाली, "लेक होय मायी."

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला, पार डोळ्यांपर्यंत. एवढ्या खटाटोपाने राखलेला रंग सगळा पदराखाली गेला, आणि घरी पोचेपर्यंत तिला त्याची आठवणही झाली नाही.