कोऱ्या जागेतलं बेट

भूतखेत, दृष्टांत वगैरे भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नाही. जामसांवलीला मारुतीपुढे हात जोडतो, पण तेवढंच. तरी हे लिहितोय, कारण आता मनात ठेवणं जमत नाही...

मी सौसरला घरून नकाशांचं काम करतो. अलास्काच्या बर्फाळ किनाऱ्याचे शंभरेक वर्षं जुने सर्व्हेचे नकाशे स्कॅन होऊन येतात. त्यांतल्या रेघा कॉम्प्युटरवर गिरवायच्या. पांढुर्ण्याचा माझा चुलतभाऊ नितीन गिरवायचा, मी तपासायचो. त्याने समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. नियम एकच – जुन्या सर्व्हेवाल्यांना जिथलं काही दिसलं नाही तिथे कागद कोरा आहे, आणि तो कोराच ठेवायचा.

नितीनने एका शीटवर हिमनदीमागच्या कोऱ्या जागेत चक्क खाडी काढली. मधे शेंगदाण्यासारखं बेट! मी फोनवर चांगलं झापलं, की मनाने रेघा मारतोस.

"दादा, मी मनानं नाही काढून राहिलो," तो शांतपणे म्हणाला. "मले तिथं दिसून राहिलं."

मी पडलो तत्त्वाचा माणूस. ऑफिसला कळवलं, त्याचं काम गेलं. दोन महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तोही गेला. मला रडू आलं नाही. अजून येत नाही. तेरवीला काकूंनी एवढंच विचारलं, की पोरानं खरंच खोटं काम केलं होतं का. मी हो म्हणालो.

मागच्या महिन्यात त्याच किनाऱ्याची, बऱ्याच नंतरच्या सर्व्हेची शीट आली. बर्फ मागे सरकलेला. कोऱ्या जागी खाडी... मधे बेट. बॅकअपमधली नितीनची फाइल वर ठेवली, तर रेघेवर रेघ बसली.

सॅटेलाइटवर पाहिलं असेल, म्हणाल. तेही तपासलं – आज तिथे खाडीच नाही, गाळाने भरून सपाट मैदान झालंय. आणि ही शीट याआधी कधी स्कॅनच झाली नव्हती, त्याला दिसणार कुठून?

लॅपटॉप घेऊन पांढुर्ण्याला गेलो. काकूंना दोन्ही नकाशे दाखवले. नितीन खरा होता, चूक माझी झाली, म्हणालो. त्यांनी स्क्रीनवरच्या बेटावर बोट ठेवलं.

"मंग हे आता त्याले कोण सांगन?"

नितीनला ते कुठून दिसलं, मला आजही माहीत नाही. लॅपटॉप बंद केला आणि सौसरची बस पकडली.