तांब्याच्या हंड्यातले जिवाणू

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि कुणी विचारो न विचारो, अक्कल वाटत फिरते. त्या वर्षी ती माझ्या काकांच्या वाट्याला आली. कानडी मुलखात वरुणा गावी त्यांची थोडी भातशेती होती. मुलाने बजावलं होतं, यंदा पीक नीट आलं तर जमीन ठेवू, नाही तर प्लॉट पाडणाऱ्याला देऊन टाकू. मी म्हटलं, काका, रासायनिक खत सोडा. शेणखतासोबत रॉक फॉस्फेटची भुकटी टाका आणि लावणीआधी रोपांची मुळं जिवाणूंच्या द्रावणात बुडवा. खडकातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भाताला आपसूक मिळत नाही. हे जिवाणू ते विरघळवून मुळांना देतात. काकांनी माझा शब्द न् शब्द ऐकला.

लावणीच्या सकाळी पोचले, तर बांधावर आमच्या घरचा तांब्याचा हंडा. शुभकार्याचं पाणी आमच्याकडे त्यातलंच, मग लग्न असो की लावणी. काकांनी आदल्या संध्याकाळीच त्यात गुळाचं पाणी करून जिवाणूंच्या सगळ्या पुड्या कालवल्या होत्या, वर हळदकुंकू लावलं होतं. पाण्याच्या कडेला हिरवट झाक आली होती. तांब्यात जंतू मरतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. काकू पिण्याचं पाणी तांब्यात ठेवते तेही त्याचसाठी.

"नोडु ग, सरी आहे ना सगळं?" काकांनी आमच्या कानडीमिश्रित मराठीत विचारलं, बघ ग, ठीक आहे ना.

नव्या पुड्या आणायच्या तर परत शहरात जावं लागलं असतं, लावणी एक दिवस पुढे गेली असती. एवढंच. पण बायका चिखलात उतरल्या होत्या आणि काका हंड्याला हात जोडून उभे होते. मी मान हलवली. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेची भीक त्यांच्या पदरात पडली.

भात खुरटलं. फुटवे जेमतेम आले, पानं अरुंद, काळपट हिरवी. मी दर रविवारी बसने जायची, बांधावर बसून हवापाण्याचं बोलायची आणि परत यायची. स्वतःची शिसारी यायची, तरी तोंड उघडलं नाही.

जमीन गेली. काका आता शहरात, नजरबादला मुलाकडे असतात. मागच्या महिन्यात, आज सांगायचंच असं ठरवून मी गेले. "काका, ते भात माझ्यामुळे..." एवढंच म्हटलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बिडु ग, तुझं काय तप्पु? नम्म मण्णे सत्तोगिदे."

सोड ग, तुझा काय दोष, आपली मातीच मेली होती म्हणे. मी हो म्हटलं.