हिरव्या पट्टीतलं औषध

चांगली वेबसाइट कशी करावी असं मला कोणी विचारलं, तर मी आता लवकर तोंड उघडत नाही. त्या काळी उघडायचो. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून खामगावला परतलो होतो आणि बाजारातल्या एका कृषी केंद्राच्या वर खोली घेऊन वेबसाइटी करत होतो. शेगावातले लॉजवाले, इथले जिनिंगवाले, एक मंगल कार्यालय अशी माझी गिऱ्हाइकं. अंगात मस्ती भरपूर. एखादं पान उघडलं की ते कोणत्या फ्रेमवर्कवर बांधलंय हे मी बटणाच्या कोपऱ्यावरून ओळखायचो, आणि ओळखलं की समोरच्याला ऐकवल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पानावरचे रंग, अक्षरं, मोकळी जागा हे सगळं सीएसएस नावाच्या भाषेत लिहावं लागतं. ते हाताने लिहायचं तर दिवसच्या दिवस जातात. म्हणून कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं घ्यायचं, रेडिमेड शर्ट घेतो तसं. मोठ्या फ्रेमवर्कमध्ये बटणं, पट्ट्या, रंग सगळं तयार मिळतं, पण ते जड असतं. लहान फ्रेमवर्क हलकं असतं, पण त्यात प्रत्येक रंगाचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

खालच्या कृषी केंद्राचे मालक म्हणजे चाचा. तीन पिढ्या बियाणं आणि औषधं विकणारं मुसलमान घर. माझे वडील त्यांच्याकडूनच बियाणं न्यायचे, आता दादा नेतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मी शिकलो, तो शेतात राहिला. बीटी कपाशी आली तेव्हा आता अळीचं नाव नको असं सगळेच म्हणाले होते. काही वर्षांनी त्याच बोंडांत गुलाबी अळी निघाली, आणि माणसं औषधांसाठी जीपला लटकून खामगावला येऊ लागली. निम्म्या वेळा हवं ते औषध संपलेलं असायचं. चाचांना एक साधं पान हवं होतं, आज दुकानात काय आहे आणि काय नाही एवढंच दाखवणारं. आणि ते फवारणीच्या आधी हवं होतं.

मी दोन दिवस हलक्या फ्रेमवर्कशी खटपट केली. मग कंटाळलो आणि मोठं घेतलं. त्यात ठरलेलं होतं, सगळं ठीक असलं की हिरवं, नसलं की लाल. मी प्रत्येक औषधाच्या नावापुढे 'उपलब्ध' अशी हिरवी पट्टी लावली आणि जे नाही त्याला 'संपलं' अशी लाल. शेजारी बाटलीचा फोटो. एका दुपारीत काम झालं आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

चाचांना पान दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"बेटा, हा निंबोळी अर्क लालमंधी काऊन दाखवते?"

"संपला ना चाचा. लाल म्हणजे माल नाही."

"पन लाल तर जहरचा रंग हाय न."

"जगभर असंच असतं चाचा. लाल म्हणजे नाही, हिरवा म्हणजे आहे."

त्यांनी पान एकदा खालपर्यंत सरकवलं. मग म्हणाले, "हाव. तू शिकेल मानूस हाय." आणि मोबाइल मला परत दिला. ते वाक्य मला तेव्हा शाबासकी वाटलं होतं. आज आठवलं की माझीच लाज वाटते.

औषधाच्या प्रत्येक बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. बाटलीवरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, पण त्रिकोण आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. लाल असला की दादा अंगभर सदरा घालायचा, तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, वारा बघून ओळी धरायचा. हिरवा असला तर बनियनवर पंप पाठीला लावून निघायचा. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. माझ्या घरातलं हे ज्ञान, आणि मी पट्ट्यांचे रंग निवडताना मला ते आठवलंसुद्धा नाही.

त्यात आमच्या गावची आणखी एक रीत आहे. औषधाचा डबा दोन घरांत मिळून घेतात. डबा एकाकडे राहतो, दुसऱ्याचा हिस्सा पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून देतात. त्या बाटलीवर ना नाव असतं ना त्रिकोण. डबेवाल्याला विचारलं की तो नाव सांगतो, आणि बाकीचं माणूस आपल्या अनुभवावर चालवतो.

फवारणी सुरू झाली आणि एका सकाळी चाचा दुकान उघडत होते आणि मी वर लॅपटॉप उघडत होतो, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. दादा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, पडला होता, तोंडाला फेस होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला खामगावलाच आणत होते.  मी चाचांना ओरडून सांगितलं आणि लॅपटॉप तसाच बगलेत मारून दवाखान्याकडे धावलो.

डबेवाल्याकडून डॉक्टरांना औषधाचं नाव कळलं, उपचार लगेच सुरू झाले, जीव वाचेल असं ते दुपारी म्हणाले. दादाला थोडी शुद्ध आली तेव्हा त्याचा आवाज लांबून यावा तसा येत होता.

"बाटलीवर काईच नोतं बे. डबेवाल्यानं नाव सांगतलं. म्या तुया साइटवर पाह्यलं."

"काय पाहिलंस?"

"फोटो आलाच नाई, रेंज नोती. पट्टी आली. हिरवी होती. म्हटलं साधं औषध हाय, दुपट्टा कायले बांधू."

शेताच्या रेंजमध्ये बाटलीचा फोटो उतरला नाही. त्या जड फ्रेमवर्कची तयार हिरवी पट्टी तेवढी आधी पोचली होती. माल शिल्लक होता एवढाच तिचा अर्थ. डब्यावर त्रिकोण लाल होता.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. तेव्हा मी आत जाऊन सांगायला हवं होतं. वहिनीला, चाचांना, सगळ्यांना. मी लॅपटॉप उघडला. दवाखान्यातल्या त्या बाकावर, भर दुपारी, लोक ये-जा करत असताना, मी हिरवा काढला, लाल काढला आणि सगळ्या पट्ट्या राखाडी केल्या. पाच मिनिटांचं काम होतं. रंगांचा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला, आणि तोही स्वतःला वाचवायला.

संध्याकाळी वहिनीचा भाऊ आला. दादाने सांगितलेली हिरवी पट्टी त्याला दाखवायला म्हणून वहिनीने मोबाइलवर पान उघडलं आणि खालीवर करत राहिली.

"हिरवं कुठं हाय? इथं तं सगळं राखेवानी हाय." मग दादाकडे वळून म्हणाली, "तुमाले नीट दिसते का नाई? कायच्या भरोशावर घुसले पऱ्हाटीत?"

दादाने मोबाइल हातात घेतला. बराच वेळ बघितलं. "हिरवी होती," तो हळू म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "होती न बे?"

मी लॅपटॉप या बगलेतून त्या बगलेत घेतला. मान हलवली की नाही हे मला आज नक्की सांगता येत नाही, पण जे काही केलं त्याचा त्याने नाही असाच अर्थ घेतला. दुकान बंद करून आलेले चाचा दारात उभे होते. त्यांनी आपला मोबाइल काढला, पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल खिशात ठेवला. त्यानंतर दुकानाच्या पानाचा विषय त्यांनी माझ्याशी कधी काढला नाही.

दादा बरा झाला. डोळे तपासले, नजर उत्तम निघाली, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. त्याला काही ते पटत नाही. तेव्हापासून प्रत्येक फवारणीच्या आधी तो खामगावला येतो, माझा जिना चढतो, आणि चाचांकडून घेतलेली सीलबंद बाटली टेबलावर माझ्यासमोर ठेवतो.

"सांग बे, कोनता रंग हाय? माह्या डोळ्याचा काई भरोसा नाई रायला."

तो उन्हाकडे तोंड करून उभा असतो, बाटली त्याच्याही समोर असते, त्रिकोण त्याला माझ्याइतकाच स्वच्छ दिसत असतो. तरी तो माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. मी रंग सांगतो, आणि मी सांगितलेला खरा मानून तो घरी जातो.