हिरवं झालं तरी

गंगाखेडच्या आमच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक मावशी आहेत. हुद्दा परिचराचा. धुतलेलं प्रत्येक काचेचं भांडं त्या खिडकीच्या उजेडात धरतात आणि पसंत पडलं तर स्वतःशीच म्हणतात, "हां, जमलं." घाई करणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असतं, "दम धरा की जरा."

मला नोकरीला लागून महिनाच झाला होता. अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण हिरवं झालं, तसं मी वीस मुलांसमोर ठासून सांगितलं, "अभिक्रिया पूर्ण झाली. लिहून घ्या."

मावशी डायक्रोमेटची बाटली आणि ड्रॉपर घेऊन जवळ आल्या. "सर, मघाशी तुमीच म्हणलात ना, अजून दोन थेंब टाकून बघू म्हणून?"

मी असं काहीच म्हणालो नव्हतो. तरी थेंब टाकून ढवळलं. नारिंगी रंग बघता बघता हिरवा झाला. म्हणजे संपलं होतं ते डायक्रोमेट. अल्कोहोल अजून शिल्लकच होतं. माझे कान तापले. मुलं माझ्याकडे कौतुकानं बघत होती, ते तर जास्तच टोचलं.

"मी तसं म्हणालो नव्हतो," मी मुलांना सांगितलं. "हे मावशींनी दाखवलं. आधीचं वाक्य खोडा."

मावशींनी मान वर केली नाही. "खोडा, पर ढवळायचं थांबू नका," त्या म्हणाल्या. "टाकलेला थेंब नारिंगीच ऱ्हायला, की मग लिहा."