एका ओढ्याचं पाणी

माझी धाकटी जाऊ शब्दकोशाच्या कचेरीत वीस वर्षं खपली. एकेका शब्दाच्या अर्थाच्या चिठ्ठ्या हिनं लिहायच्या आणि त्याच टेबलावर बसणाऱ्या मेल्यानं आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या! पहिल्या खंडावर नाव एकट्या त्याचं आलं. हिनं ताकास तूर लागू दिली नाही, पण डूख धरला.

दुसऱ्या खंडासाठी हिनं ‘रायव्हल’ शब्दाची चिठ्ठी केली. लॅटिनमध्ये एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी, तो ‘रिवालिस’. पुढे फ्रेंच, इटालियन, इंग्रजीत तोच शब्द प्रतिस्पर्ध्याला चिकटला. इथवर सगळं खरं. खाली मात्र हिनं ओढ्यावर बादलीसाठी भांडणाऱ्या दोन जावांची कथा रचली आणि ‘जुन्या हस्तलिखितातून’ असं ठोकून दिलं.

प्रकाशनाच्या समारंभात त्यानं नेमकी तीच कथा रंगवून सांगितली. ही उठली. “ते हस्तलिखित तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“पाहिलंत काय विचारता? महिनाभर वाचलंय, बाई!”

“मग यांना ओळखलंच असेल,” म्हणत हिनं मला हाताला धरून उभं केलं. “या माझ्या थोरल्या जाऊबाई. भांडण आमचं, आणि ओढा म्हणजे आमच्या मोरीतला नळ.”